कमोडची गळती: छिन्नी-हातोडा हातात घेण्यापूर्वी कोणत्या क्रमाने काय तपासावे

खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचे पत्र सोसायटीच्या कार्यालयात येते: ‘वरील सदनिकेच्या संडासातून आमच्या छताला ओल येत आहे.’ त्यानंतर प्लंबर येतो, पाच मिनिटे पाहतो आणि म्हणतो, ‘साहेब, लाद्या काढाव्याच लागतील.’ ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापन समितीवर काम करताना हा प्रसंग मी अनेकदा पाहिला, आणि लाद्या काढून झाल्यावर दोष भिंतीवरच्या पाऊण इंची रबरी वायसरमध्ये होता, असेही पाहिले. चूक बहुधा दुरुस्तीत नसते, क्रमात असते. आधी फोडले जाते आणि मग शोधले जाते. म्हणून या लेखातील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिले तीन टप्पे कोणत्याही घरातील माणसाला जमण्यासारखे आहेत. पुढील टप्प्यांत प्लंबर लागला, तरी त्याला नेमके काय सांगायचे हे आपल्या हाती असेल.

## टप्पा १: पाणी कुठे बंद होते, हे आधी शोधावे

टॉयलेटला येणारे पाणी साधारणतः तीन ठिकाणी बंद करता येते: टाकीजवळचा अँगल कॉक (भिंतीत बसवलेला छोटा नळ), बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व्ह (तो बऱ्याच घरांत माळ्यावर किंवा डक्टच्या, म्हणजे पाइप उतरणाऱ्या उभ्या पोकळीच्या, खिडकीजवळ असतो) आणि गच्चीवरील टाकीतून खाली येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह. तिसरा सोसायटीच्या ताब्यात असतो आणि तो बंद केल्यास त्या रांगेतील सर्व घरांचे पाणी जाते; त्यामुळे वॉचमनला परस्पर सांगून तो फिरवू नये.

पहिले दोन कॉक काम सुरू करण्यापूर्वी पूर्ण बंद करून, नळ उघडून, पाणी खरोखर थांबते का ते पाहावे. वर्षानुवर्षे न फिरवलेला जुना गेट व्हॉल्व्ह जोर लावून फिरवला तर त्याची दांडी तुटते आणि मग साधे वायसर बदलण्याच्या कामाचे रूपांतर संपूर्ण विंगच्या गोंधळात होते. अशा व्हॉल्व्हवर थोडे तेल सोडावे, तासभर थांबावे आणि तो थोडा पुढे, थोडा मागे असा हळूहळू सैल करावा. तरीही तो हलला नाही, तर प्रथम तोच बदलून घ्यावा.

साहित्य फारसे लागत नाही. दहा इंची ॲडजस्टेबल पाना, स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, टॉर्च, पेन्सिल, जुने टॉवेल, रबरी हातमोजे, बादली, वर्तमानपत्राच्या किंवा टिश्यूच्या कोरड्या पट्ट्या आणि दोन वेगवेगळ्या रंगांचा खाण्याचा रंग पुरेसा आहे. रंगाऐवजी हळद वापरण्याचा मोह टाळावा. ती पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसते आणि चाचणी फसते.

दिवस कोणता निवडावा, यालाही महत्त्व आहे. महापालिकेने किंवा एमआयडीसीने पाणीपुरवठा बंद ठेवण्याचे जाहीर केले असेल, तर आदल्या दिवशी काम काढू नये, कारण दुरुस्ती झाल्यावर पूर्ण दाबाने पाणी सोडून तपासता आले नाही तर ती दुरुस्ती अर्धीच राहते. रविवारी दुपारी काम काढणाऱ्यांना हार्डवेअरचे दुकान बंद मिळते, हा अनुभव सांगून सवरूनही पुन्हा पुन्हा घेतला जातो.

तपासा: अँगल कॉक बंद करून फ्लश केल्यावर टाकीत पाणी भरण्याचा आवाज पूर्णपणे थांबला का? बारीक आवाज येत असेल तर कॉक आतून गळतो आहे. पुढील सर्व चाचण्यांचे निष्कर्ष त्यामुळे चुकतील.

## टप्पा २: पाणी केव्हा गळते, हे पाहावे

गळती कुठून होते हे डोळ्यांना सहसा दिसत नाही, परंतु ती केव्हा होते हे जवळजवळ नेहमी कळते, आणि त्यातूनच निम्मे निदान होते. किमान दोन दिवस एका कागदावर वेळा लिहून ठेवाव्यात. खालच्या घरी थेंब पडत असतील तर त्या घरातील माणसांना विश्वासात घेऊन त्यांच्याकडूनही वेळा लिहून घ्याव्यात. काकू किंवा काका दिवसभर घरी असतील तर त्यांच्याइतका चांगला निरीक्षक दुसरा मिळणार नाही.

दिवसरात्र, कोणी वापर करो वा न करो, एकसारखे थेंब पडत असतील तर संशय दाबाखालील पाण्याच्या लाइनवर घ्यावा. म्हणजे भिंतीतील पाइप, अँगल कॉकचा भिंतीतील जोड किंवा कॉकपासून टाकीपर्यंतचा कनेक्शन पाइप. रात्रभर बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा. सकाळपर्यंत थेंब मंदावले आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर पुन्हा वाढले, तर दोष लाइनमध्येच आहे आणि सांडपाण्याच्या पाइपांना हात लावण्याचे कारण नाही.

फ्लश केल्यानंतर काही मिनिटांत पाणी दिसत असेल तर कमोडचा मागचा जोड, ट्रॅप (पाणी साठून राहणारे वळण) किंवा मैल्याचा चार इंची पाइप यांपैकी काहीतरी सैल आहे. आंघोळीनंतर किंवा फरशी धुतल्यावर पाणी दिसत असेल तर लाद्यांच्या सांध्यांकडे आणि फरशीचे पाणी ओढून घेणाऱ्या नहाणी ट्रॅपकडे पाहावे. केवळ पावसाळ्यात ओल दिसत असेल आणि ती भिंत बाहेरची असेल, तर टॉयलेटचा संबंध बहुधा नसतो. बाहेरच्या प्लास्टरची भेग किंवा डक्टमधील पावसाचा पाइप तपासावा.

भिंत किंवा छत खरोखर आतून ओले आहे का, याबद्दल शंका असल्यास सुमारे एक फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा ओल्या भागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि चोवीस तासांनी पाहावा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूस जमले असतील तर ओल भिंतीतून येते. खोलीकडील बाजूस जमले असतील तर ती हवेतील दमटपणाची आहे. जुलैमध्ये ठाण्यातल्या बंद बाथरूममध्ये दुसरी शक्यता अजिबात दुर्मीळ नाही.

सावधान: खालच्या छतावर डाग जिथे आहे, बरोबर त्याच्या वर दोष असेलच असे नाही. बाथरूमच्या खाली सन्क स्लॅबचा खोलगट भाग असतो. त्यात साठलेले पाणी उताराकडे सरकते आणि जिथे वाट मिळेल तिथून उतरते. डागाच्या वरची लादी काढा, असे सांगणाऱ्याला हे आधी विचारावे.

## टप्पा ३: टाकीच्या चाचण्या, एका वेळी एकच

टाकीतून कमोडमध्ये गुपचूप जाणारे पाणी जमिनीवर दिसत नाही, म्हणून या गळतीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. तिचे प्रमाण स्वतः मोजता येते. टाकीच्या आतील लांबी ४० सेंमी आणि रुंदी १५ सेंमी असेल तर पाण्याची पातळी एक सेंटिमीटर खाली जाणे म्हणजे ६०० मिली पाणी जाणे. ती पंधरा मिनिटांत एक सेंटिमीटर उतरत असेल तर दिवसाला सुमारे ५८ लिटर पाणी वाया जाते. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी दररोज १३५ लिटर पाण्याचे मानक धरले जाते. त्याच्या दोन-पंचमांशाहून अधिक पाणी एका वायसरमुळे गेले. घरोघरी स्वतंत्र मीटर नसलेल्या सोसायट्यांत हा खर्च सर्वांमध्ये वाटला जातो आणि म्हणून कोणालाच टोचत नाही.

पहिली चाचणी रंगाची. टाकीचे झाकण उघडून त्यात खाण्याचा रंग टाकावा, फ्लश करू नये आणि वीस मिनिटे टॉयलेट कोणालाही वापरू देऊ नये. कमोडमधील पाण्यात रंग उतरला तर टाकीतून गळती आहे. रंग न उतरल्यास कमोडच्या आतील मागची बाजू कोरडी पुसून तिथे टिश्यूची पट्टी चिकटवावी. बारीक ओघळ असेल तर ती भिजते.

दुसरी चाचणी पातळीची, आणि खरे निदान इथे होते. टाकी भरल्यावर अँगल कॉक बंद करावा, आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करावी आणि तासभर थांबावे.

पातळी उतरली, तर पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या, तळाच्या फ्लश व्हॉल्व्हचे सील पाणी धरत नाही. टप्पा ५ कडे जावे. पातळी स्थिर राहिली, पण कॉक उघडताच पाणी वाढून मधल्या ओव्हरफ्लो नळीत पडू लागले, तर टाकी भरणारा फिल व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही. टप्पा ४ करावा. पातळी उतरून मध्येच एका उंचीवर थांबली, तर त्याच उंचीवर टाकीला किंवा ओव्हरफ्लो नळीला भेग आहे. प्लास्टिकच्या टाकीच्या भेगेवर एमसील लावून चार-सहा दिवस काढता येतात. त्यापलीकडे त्यावर भरवसा ठेवू नये, टाकी बदलावी.

जुन्या हँडलच्या टाक्यांत तळाला झडप नसून सायफन असतो. त्यात पाण्याला सायफनचा वळसा चढल्याशिवाय खाली जाताच येत नाही. त्यामुळे अशा टाकीतून सतत धार असेल तर प्रथम फिल व्हॉल्व्हकडे, म्हणजे दांडीच्या बॉल कॉककडे, पाहावे. तळाचे सील शोधण्यात वेळ घालवू नये, कारण ते तिथे नाहीच.

तिसरी चाचणी फार थोडे लोक करतात. रात्री झोपताना कमोडमधील पाण्याच्या रेषेवर खूण करावी आणि सकाळपर्यंत टॉयलेट वापरू नये. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाणी कायम राहिले पाहिजे, कारण गटाराचा वास तेच अडवते. ही पातळी एका रात्रीत स्पष्ट उतरली तर कमोडला किंवा त्याच्या ट्रॅपला भेग असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र एखादा कपडा किंवा धाग्यांचा गुंता ट्रॅपच्या वळणात अडकला असेल तर तोही वातीसारखे पाणी ओढून नेतो. म्हणून कमोड बदलण्यापूर्वी ट्रॅप साफ करून चाचणी पुन्हा करावी.

## टप्पा ४: फिल व्हॉल्व्हची दुरुस्ती

पुरवठा बंद राहून पुन्हा सुरू झाल्यावर, किंवा सोसायटीच्या टाक्या धुतल्यानंतर, पाइपमधील गाळ प्रथम येऊन अडकतो तो इथे. म्हणून अशा दिवसानंतर टाकी अचानक वाहू लागली तर नवा व्हॉल्व्ह आणण्यापूर्वी जुना साफ करावा.

१. अँगल कॉक बंद करून टाकी फ्लशने रिकामी करावी.

२. कॉक पुन्हा उघडावा आणि टाकी भरत असताना तरंगता गोळा किंवा कप हाताने वर उचलावा. उचलल्यावर पाणी थांबत असेल तर व्हॉल्व्ह चांगला आहे, फक्त पातळी चुकली आहे. बाजूचा स्क्रू किंवा क्लिप फिरवून कप खाली घ्यावा. गोळ्याच्या दांडीची टाकी असेल तर गोळा हलवून पाहावा. आत पाणी खळखळले तर गोळा फुटला आहे.

३. उचलूनही पाणी थांबत नसेल तर कॉक बंद करून, कनेक्शन पाइप सोडून व्हॉल्व्हच्या इनलेटमधील बारीक जाळी काढून धुवावी. बहुतेक व्हॉल्व्हमध्ये ती असते आणि बहुतेक प्लंबर ती काढून फेकून देतात, ही गोष्ट वेगळी. जाळी परत बसवावी.

४. व्हॉल्व्हच्या डोक्यातील वायसर काढून पाहावा. त्यावर रेघ किंवा खड्डा पडला असेल तर नवा आणावा. जुना सोबत नेऊन दुकानात मोजून घ्यावा, कारण एकाच कंपनीच्या दोन टाक्यांचे वायसरही वेगळे असू शकतात.

५. पाण्याची अंतिम पातळी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापेक्षा साधारण एक इंच खाली ठेवावी.

घोडबंदर रस्त्यालगतच्या बऱ्याच सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी येते. तिथे या व्हॉल्व्हवर पांढरा थर चढतो. तो खरवडू नये. सुटे भाग कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून अर्धा तास भिजवावेत आणि जुन्या टूथब्रशने घासावेत.

सावधान: थर काढण्यासाठी टॉयलेट साफ करण्याचे ॲसिड टाकीत ओतू नये, रबर आणि धातूचे स्क्रू दोन्ही खराब होतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन वायू तयार होतो, आणि लहान बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो.

## टप्पा ५: तळाचे सील

दुहेरी बटणाच्या टाकीत मधला फ्लश व्हॉल्व्ह सहसा डावीकडे पाव फेरा फिरवल्यावर उचलून बाहेर येतो. तो ओढू नये. आधी मोबाइलवर फोटो काढावा, विशेषतः बटणाची कोणती दांडी कोणत्या बाजूला आहे याचा. परत बसवताना निम्मे लोक इथेच अडतात.

खाली रबराची किंवा सिलिकॉनची गोल चकती असते. ती काढून दोन्ही बाजूंनी धुवावी आणि बोट फिरवून पाहावी. बोटाला काळा रंग लागला तर रबर विरघळू लागले आहे, ते बदलावे. टाकीत टाकण्याच्या क्लोरीनयुक्त गोळ्या वापरणाऱ्या घरांत हे लवकर होते. चकती मऊ आणि सरळ असेल, तर ज्या प्लास्टिकच्या कड्यावर ती टेकते ते कडे तपासावे. तिथे क्षाराचा एक कण जरी चिकटलेला असला तरी नवी चकतीही गळेल. नवे सील बसवूनही गळती राहिली, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी कडे पुसलेलेच नसते, असे माझ्या पाहण्यात वारंवार आले आहे.

परत बसवल्यावर बटण दाबून सोडावे आणि ते पूर्ण वर येते का पाहावे. झाकणाच्या दाबाने बटणाची दांडी किंचित खाली राहत असेल तर सील कधीच नीट बसत नाही. झाकण उघडे असताना गळती थांबते आणि लावल्यावर सुरू होते, याचे कारण हेच असते. दांडीची उंची फिरवून कमी करावी.

तपासा: टप्पा ३ मधील पातळीची चाचणी पुन्हा एक तास. आवाज थांबला म्हणजे काम झाले, असे समजू नये.

भिंतीत लपवलेल्या टाकीसाठी क्रम हाच आहे, फक्त वाट बटणाच्या पट्टीच्या खिडकीतून आहे. लाद्या काढण्याची गरज सहसा पडत नाही. पट्टी काढता येते हे ठाऊक नसलेल्या माणसाला मात्र काम देऊ नये.

## टप्पा ६: अँगल कॉक, कनेक्शन पाइप आणि जेट

सर्व जोड कोरडे पुसावेत आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राची वेगळी पट्टी ठेवावी. अर्ध्या तासाने जी पट्टी सर्वांत वरच्या जोडाखाली भिजली असेल, दोष तिथे. खालचे जोड वरून ओघळलेल्या पाण्यानेही ओले दिसतात.

इथली नेहमीची चूक टेफ्लॉनची आहे. अँगल कॉक भिंतीत ज्या आट्यांनी बसतो तिथे टेप लागते. कनेक्शन पाइपच्या नटात मात्र रबरी वायसर असतो आणि पाणी तोच अडवतो. त्या आट्यांवर टेप गुंडाळली तर नट पूर्ण बसत नाही आणि वायसर दाबला जात नाही. वायसर बदलावा, टेप नको. जिथे टेप लागते तिथे आट्यांचे टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताण देत, आठ ते दहा वेढे द्यावेत. उलट दिशेने दिलेले वेढे कॉक बसवताना सुटून गोळा होतात. कॉक बसवल्यावर तोंडाची दिशा जुळवण्यासाठी तो मागे फिरवू नये. मागे फिरवावा लागला तर काढून, टेप नवी लावून पुन्हा बसवावा.

प्लास्टिकच्या टाकीचा नट हाताने घट्ट करून पान्याने फार तर पाव फेरा द्यावा. ‘थोडे अजून आवळतो’ म्हणणाऱ्याच्या हातून टाकीचा आटा तडकतो.

सावधान: जेटचा (कमोडशेजारच्या हातातल्या फवाऱ्याचा) वापर झाल्यावर त्याचा अँगल कॉक बंद करण्याची सवय घरातील सर्वांना लावावी. जेटचा ट्रिगर हा कॉक नव्हे. तो दाबून ठेवलेला असला वा नसला तरी नळी सतत दाबाखाली राहते, आणि ती फुटते तेव्हा घरी कोणी नसेल तर पाणी बैठकीच्या खोलीपर्यंत पोहोचते.

## टप्पा ७: कमोडचा तळ आणि मागचा जोड

फ्लश केल्यावरच पाणी दिसत असेल तर हा टप्पा. इंटरनेटवरील परदेशी व्हिडिओंत कमोडखाली मेणाची कडी बदलताना दाखवतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी रबरी किंवा पीव्हीसी कनेक्टर किंवा नुसते पांढरे सिमेंट असते, त्यामुळे ती कृती जशीच्या तशी करू नये.

प्रथम कमोडवर बसल्यावर तो हलतो का पाहावे. हलणाऱ्या कमोडचा मागचा जोड कितीही वेळा भरला तरी फुटतो. म्हणून आधी तळाचे स्क्रू पाहावेत, फरशी असमान असेल तर प्लास्टिकच्या पट्ट्या सारून कमोड स्थिर करावा, आणि मगच जोडाकडे वळावे.

भिंतीत जाणाऱ्या पी-ट्रॅपच्या कमोडचा जोड डोळ्यांना दिसतो. त्याभोवती कोरडा टिश्यू गुंडाळून तीन वेळा पूर्ण फ्लश करावे. टिश्यू भिजला तर कनेक्टर बदलावा. फरशीत उतरणाऱ्या एस-ट्रॅपच्या कमोडसाठी तो उचलावा लागतो: पाणी बंद करावे, टाकी व कमोडमधील पाणी मगाने व कपड्याने काढावे, कनेक्शन सोडावे, कडेचे सिमेंट किंवा सिलिकॉन पातळ पात्याने कापावे आणि दोघांनी मिळून तो सरळ वर उचलावा. उघड्या पाइपात लगेच मोठा कपडा कोंबावा, पण त्याचे टोक बाहेर ठेवावे. वास थांबतो आणि स्क्रू आत पडत नाहीत. नवा कनेक्टर बसवण्यापूर्वी पाइपचे तोंड आणि कमोडचा नळा पूर्ण कोरडा असला पाहिजे.

बसवताना तळाची कड पांढऱ्या सिमेंटने चारही बाजूंनी बंद करण्याची पद्धत आहे. मी तिच्या विरोधात आहे. सिमेंट लवचिक नसते, म्हणून तडकते. पुन्हा उचलताना कमोडचा तळ फुटतो. आणि आत गळती झाली तर पाणी बाहेर दिसण्याऐवजी थेट स्लॅबमध्ये उतरते. बुरशीरोधक सिलिकॉन वापरावे आणि मागच्या बाजूस बोटभर जागा मोकळी सोडावी. पुन्हा जोड सुटला तर पाणी तिथून आपल्याला दिसेल, खालच्या घराला नव्हे.

सिलिकॉन ओल्या जागेवर धरत नाही, आणि लावल्यावर चोवीस तास त्यावर पाणी पडू देऊ नये. एकच संडास असलेल्या घरात ही व्यवस्था आधी शेजाऱ्यांशी बोलून ठेवावी.

देशी पद्धतीच्या पॅनचा जोड फरशीखाली असतो. तिथे दोष असल्याचे चाचण्यांनी सिद्ध झाले, तर फोडल्याशिवाय मार्ग नाही.

## टप्पा ८: फरशी आणि नहाणी ट्रॅप

टप्पा ३ ते ७ निर्दोष ठरल्यावरच फरशीत पाणी साठवण्याची चाचणी घ्यावी. नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कपडा घट्ट बसवावा, उंबऱ्यापेक्षा पाणी खाली राहील अशा बेताने एक इंच पाणी भरावे, त्यात टाकीपेक्षा वेगळा रंग घालावा आणि चोवीस तास सोडावे. खाली रंगीत पाणी उतरले, किंवा बाष्पीभवनाने उतरेल त्याहून पातळी बरीच जास्त उतरली, तर दोष लाद्यांच्या सांध्यांत किंवा त्याखालील वॉटरप्रूफिंगमध्ये आहे. नहाणी मोकळी करून दोन बादल्या पाणी ओतल्यावरच खाली पाणी दिसले, तर दोष ट्रॅपच्या जोडात आहे. काही इमारतींत सन्कमधील पाणी बाहेर काढणारी एक छोटी नळी डक्टमध्ये उघडते. टॉर्चने ती पाहावी. त्यातून थेंब पडत असतील तर सन्कमध्ये पाणी साठले आहे, याचा तो उघड पुरावा आहे.

सांध्यांचा दोष असेल तर जुना ग्राउट (सांध्यांतील भरणी) दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडावा, फरशी किमान दोन दिवस पूर्ण कोरडी ठेवावी आणि इपॉक्सी ग्राउट थोडे थोडे कालवून भरावे. ते लवकर घट्ट होते. पाइप फुटलेला असताना वरून ग्राउट भरणे मात्र व्यर्थ आहे. सन्कमध्ये आधी साठलेले पाणी, दुरुस्ती अचूक होऊनही, पुढे काही आठवडे झिरपत राहते. त्यामुळे आठव्या दिवशी ‘काम फसले’ म्हणून पुन्हा फोडू नये, आणि खालच्या घराने डाग पूर्ण सुकेपर्यंत रंगकाम काढू नये.

## टप्पा ९: फोडावेच लागले तर

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइनची गळती ही सोसायटीची जबाबदारी आहे. सदनिकेतील टॉयलेट, सिंक इत्यादींच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने करायचा असतो. म्हणून चाचण्यांच्या तारखा, वेळा आणि फोटो जोडून सोसायटीला लेखी कळवावे आणि दोष सामाईक उभ्या पाइपात की घरातील आडव्या पाइपात, हे सोसायटीच्या वास्तुविशारदाकडून ठरवून घ्यावे. नवी मुंबईतील सिडकोच्या जुन्या इमारतींत बिडाचे उभे पाइप अजूनही दिसतात. ते आतून गंजून फुटतात आणि दोष मात्र वरच्या घराच्या माथी येतो.

भिंतीतील लाइन फोडण्यापूर्वी हाताच्या पंपाने दाब देऊन गेजवरील काटा तासभर स्थिर राहतो का, हे प्लंबरला दाखवायला सांगावे. नवे पाइप झाकण्यापूर्वी तीच चाचणी पुन्हा घ्यावी, आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर लाद्या बसवण्यापूर्वी पाणी साठवून ठेवावे. लाद्या बसवल्यावर घेतलेल्या चाचणीत दोष सापडला तर तो पुन्हा फोडूनच काढावा लागतो. हे काम ऑक्टोबर ते मे या काळात काढावे. मे महिन्याच्या शेवटी मात्र चांगले कारागीर मिळत नाहीत.

## टप्पा १०: वर्षातून एकदा

गणपतीला गावी निघण्यापूर्वीचा दिवस यासाठी सोयीचा असतो. टप्पा १ मधील पहिले दोन्ही कॉक पूर्ण बंद करून उघडावेत, कनेक्शन पाइप फुगला किंवा त्याच्या नटावर हिरवट-पांढरा थर आला असेल तर बदलावा, रंगाची चाचणी घ्यावी, आणि कमोडच्या मागे सोडलेल्या बोटभर जागेत टिश्यू फिरवून पाहावा. निघताना बाथरूमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करावा, त्यानंतर जेट दाबून नळीतील दाब सोडावा आणि किल्लीचा एक जोड शेजारच्या वहिनींकडे द्यावा, तो व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे हे त्यांना प्रत्यक्ष दाखवून.